दगडाला पाझर

"चहा कसा झालाय, मॅडम?" चांद्रवस्तीचे प्रमुख निंबकर हसत म्हणाले. "तुमच्याच दगडाचं पाणी आहे."

मृणाल खांडेपारकरचा अर्धा कप पिऊन झाला होता. कालच तिनं त्या काळ्या उल्केची जात ठरवली होती. कार्बनी, सीएम वर्ग. मातीच्या खनिजांत बांधलेलं पाणी, आणि अधूनमधून पृथ्वीहूनही जुने पांढरे कण. निंबकरांनी त्यातलं 'पाणी' तेवढं ऐकलं आणि दगड भट्टीत घातला.

"साडेचार अब्ज वर्षं जपलेला होता तो," मृणाल दातओठ खात म्हणाली. "इथे कोण तहानेनं मरत होतं?"

"पाहुणे यायचेत आणि कारंजं बंद पडलेलं. तुमच्यामुळे दगडाला पाझर फुटला म्हणायचा."

दुपारी दुसरी उल्का आली. सूक्ष्मदर्शकाखाली मृणालला तीच माती दिसली, पहिलीहून ओली. निंबकर पाठीशीच उभे होते.

"हा कुठल्या जातीचा?"

दगडाची जात तिनं आजवर कधी खोटी सांगितली नव्हती.

"सीव्ही," ती म्हणाली. "कोरडा ठणठणीत. याला कितीही भाजा, पाझर फुटायचा नाही."