बुधाचा चेहरा

शहाजीने दुकानातल्या टेबलावर फ्लेक्स उलगडला आणि उत्कर्षा त्यावर वाकली. बुध ग्रह गुळगुळीत होता. यानाने काढलेल्या फोटोतला एकही खड्डा जागेवर नव्हता.

"खड्डे कुठं गेले, मामा?"

"डाग व्हय? काढले की."

शहाजी कौतुकाची वाट बघत होता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. दुकानात आलेला चेहरा आधी उजळायचा, मग नाव वाचायचं. हात आपोआप चालायचा. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

कॉलेजच्या प्रदर्शनाला अकरा वाजता परीक्षक येणार होते. इथं निवड झाली, तरच तिला राज्य पातळीवर जायला मिळणार होतं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. चार महिने ती हेच खड्डे मोजत होती. बुधावर वारा नाही, पाऊस नाही. बसलेला घाव बुजत नाही. जिथं खड्डे जास्त तो भाग जुना, एवढंच तिला दाखवायचं होतं.

तिने हे सगळं शहाजीला भराभर सांगितलं. त्याने तिची मूळ फाइल शोधली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. बोटभर बुध बाहेर आला, मग वीतभर. खड्डा उमटला की ती तो मनात मोजायची आणि घड्याळ बघायची.

निम्म्यावर लाइट गेली.

शहाजीने दोन ठिकाणी फोन लावले. बाराच्या आत येत नाही, असं कळलं. त्याने कपाळ पुसलं आणि गुळगुळीत बुध परत तिच्यापुढे धरला.

"ह्योच न्या, ताई. पुरा तरी हाय. लांबनं कुणाला कळतंय?"

उत्कर्षाने त्या लख्ख गोळ्याकडे पाहिलं. देखणा होता खरा. मग तिने मशीनवर अडकलेल्या अर्ध्या फ्लेक्सकडे बोट केलं. "हा द्या."

शहाजीने फ्लेक्स ओढून घेतला. शाई जिथं थांबली होती तिथं पट्टी ठेवली आणि कटर उचलला.

"तिथं नका कापू. खालचं कोरं तसंच राहू द्या, मामा," ती म्हणाली. "बुधाजवळ गेलेल्या पहिल्या यानालाही तो निम्म्याहून कमीच दिसला होता. पुढची तीस वर्षं बाकीचा नकाशा कोराच होता."