ओहोटीचं घर

धर्माजी हा स्थानभ्रष्ट इसम नव्हे, असं शेवटी ठरलं. पण ते अजून ठरलेलंच नाही, असं आपण धरून चालू.

धर्माजीही तसंच धरून बसला होता. खाडीचा बांध फुटून गाव पाण्यात गेलं, त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून तो आणि त्याची बायको कोकिळा उरणच्या मिठागराकडेला झावळ्यांच्या खोपटात राहत होती. डोंगराखाली घराला सरकारी जागा मिळणार होती. फक्त खरे स्थानभ्रष्ट कोण, ते आधी मुंबईचे कारखानीस सांगणार होते. घरादाराला मुकलेल्यांच्या हक्कांवर ते प्रबंध लिहीत होते, म्हणून कचेरीनं हे लचांड त्यांच्याच गळ्यात घातलं.

ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सकाळपासून तेच ते ऐकून चेहरा सुकला होता.

"तुला घरातून कोणी उठवलं?"

"दर्यानं."

"दर्या चालत नाही. सरकार, सावकार, कंपनी, यांपैकी कोण?"

"सावकार तर आमच्याबी आदी पलाला, साहेब."

"लेखी हुकूम होता?"

"दर्या थेट आत शिरला. हातात कागद न्हवता."

कारखानीसांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "हे बघ धर्माजी, नुसतं एवढं म्हण, 'माझं घर बुडालं.' मी लिहितो. जागा तुझी."

धर्माजीनं तोंड उघडलं, तोच आतून कोकिळा कडाडली, "अवो! दिवा लावलाय मी. घर बुडालं म्हनताव?"

"मंग काय म्हनू?"

"हाय म्हना!"

दिव्यासमोर घरधनी असं बोलला, तर उरलंसुरलंही जातं. धर्माजीनं उरल्यासुरल्यावर नजर फिरवली. एक हंडा, एक जाळं आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली कोकिळा. हंडा गेला तर एक वेळ चाललं असतं.

"हाय, साहेब," तो म्हणाला. "घर हाय. ओहोटीला दिसतं."

"आणि भरतीला?"

"भरतीलाबी हाय. दिसत न्हाय."

"तिकडे जाणं-येणं?"

"मी जाते ना," कोकिळा म्हणाली. "उंबऱ्याला हलदकुंकू लावून येते. दर्या पुसतो. मी परत लावते."

कारखानीसांनी लिहिलं : घर आहे. कुटुंबाची ये-जा नियमित.

"मंग जागा?" धर्माजीनं विचारलं.

"घर असलेल्याला जागा कशी देणार? उठवणाऱ्याचा जबाब असता, तर गोष्ट वेगळी."

"त्यो कसा मिलायचा?"

कारखानीसांना मोरा बंदरातून मुंबईची शेवटची बोट गाठायची होती. तरी ते पुन्हा खाली बसले आणि गुडघ्यावर कागद धरून त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. धर्माजीनं खाली अंगठा उठवला.

"मेहेरबान साहेबबहादूर यांचे हुजुरास. अर्जदाराची नम्र विनंती की, अरबी समुद्र यास कचेरीत समक्ष बोलावून, त्याने अर्जदारास घराबाहेर काढले किंवा कसे, याचा लेखी जबाब घ्यावा. आणि सदर जबाब येईपर्यंत भरती तहकूब ठेवण्याचा हुकूम व्हावा."