वरून येणारं उत्तर

"देव मानत नाही, तर दर गुरुवारी येता कशाला?" बाईंनी शेवटी विचारलंच.

कुलूपवाला नेहमीसारखा मागच्या बाकावर बसला होता. प्रार्थनागृहाचं कुलूप दुरुस्त करायला म्हणून तो पहिल्यांदा आला आणि बायकांच्या गाण्याची तालीम ऐकत रेंगाळला. तेव्हापासून एक गुरुवार चुकला नव्हता. प्रार्थना चालू असली की हा चष्मा पुसत बसायचा. गाणं सुरू झालं की मात्र छताकडे टक लावायचा.

"गाणं आवडतं," तो म्हणाला. "पंखा बंद करू का? नीट ऐकू येत नाही."

गाणं बसवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. प्रश्नाचा पिच्छा पुरवायची खोड मात्र अजून नोकरीतच होती.

"घरी कोण असतं?"

"बायको."

"मग तिलाही आणा की."

"ती बोलत नाही. हिवाळ्यापासून."

गाणाऱ्या बायकांत खसखस पिकली.

"चूक तुमचीच असणार," बाई म्हणाल्या.

"असेल." तो हसला नाही.

बाईंना वाईट वाटलं. एवढा अबोला म्हणजे फारच झालं. पण आज त्यांना बायकांना वेगळंच सांगायचं होतं.

"पुढच्या गुरुवारपासून तालीम नव्या सभागृहात. इथलं छत म्हणजे नुसत्या फळ्या. वर कुणी भाडेकरू आहेत, त्यांची खुर्ची सरकली तरी खाली कळतं."

बायका खूश झाल्या. कुलूपवाल्याचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"नका ना जाऊ," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीही या तिकडे. देव काय तिथे नसतो?"

"तुमचा असेल. मला उत्तर इथेच मिळतं." त्यानं बोट वर केलं. "वरून."

बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं इतके भाविक आले नि गेले, पण असं छातीठोकपणे कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणाला कोण, तर हा. त्यांना आनंद लपवता येईना.

"काय उत्तर मिळतं?"

"तुम्हीच ऐका. ते दाराचं गाणं म्हणा. पण एकट्या म्हणा."

त्या गाण्याची रीत अशी, की बाईंनी विचारायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं.

"आणि यांनी?"

"यांनी आज गप्प बसायचं." त्यानं उठून पंखा बंद केला.

बाईंना हसू आलं, पण उत्सुकता जास्त होती. त्यांनी डोळे मिटून सूर लावला.

"बंद दार हे, कोण उघडील?"

बायका ओठ दाबून बसल्या. काहीच झालं नाही. बाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं.

छतातून एका स्त्रीचा आवाज आला. घोगरा, अर्धांगवायू झालेल्या माणसासारखा जड जिभेचा, पण सुरात.

"तू... तूच... तूच उघडशील."

"आलो गं," म्हणत कुलूपवाला जिन्याकडे धावला.