परवान्याची चौथी अट

टँकर मारुतीच्या पारापाशी थांबला तेव्हा हंड्या-घागरींची रांग लागलेली होती. सगळ्यात पुढं सत्यशीला दोन रिकामे जार घेऊन उभी. माजी सरपंच सुंदरराव ट्रॅक्टरवरून खाली उतरले. आज तिसरा दिवस. एवढं पाणी वाटलं की सुटलो, याच आशेवर ते अंथरुणातून उठले होते.

गावाच्या पिण्याच्या विहिरीला लागून त्यांची कपाशी. विहिरीपासून शंभर फुटांच्या आत औषध मारायचं तर ग्रामपंचायतीचा परवाना लागतो, हा ठराव खुद्द त्यांच्याच कारकिर्दीतला. तेव्हा ते रान म्हाळूचं होतं. म्हाळूनं पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये म्हणून सुंदररावांनी चौथी अट मुद्दाम घातली होती: फवारणीनंतर तीन दिवस विहीर बंद, आणि तेवढे दिवस सगळ्या गावाला पिण्याचं पाणी अर्जदारानं पुरवायचं. यंदा ते रान त्यांनीच विकत घेतलं आणि कपाशीवर तुडतुडे पडले.

विहिरीत जंतुनाशक पावडर टाकणारी, तिची राखण करणारी पंचायतीची जलसुरक्षक म्हणजे कडूबाई. फवारणी झाली तशी तिनं मोटारीचे फ्यूज काढले आणि चंचीत ठेवून दिले. सुंदररावांनी आधी आपल्या बोअरचं पाणी धाडलं. कडूबाईनं एक घोट घेतला, चूळ भरून टाकली.

"मचूळ हाय, नाना. परवान्यात पिण्याचं पाणी लिव्हलंय."

"मला शिकवती का?"

"मी कशाला शिकवू? तुमीच लिव्हलंय."

तेव्हापासून गेवराईहून फिल्टरचं पाणी येत होतं.

सुंदरराव नळीचं तोंड धरून एकेक घागर भरू लागले. खळीचा सदरा पोटापर्यंत भिजला. बायनाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून तिचे दोन हंडे त्यांनी स्वतः तिच्या दारात नेऊन ठेवले. निवडणुकीतसुद्धा ते त्या बोळात शिरले नव्हते. बायनाबाई हळूहळू त्यांच्या मागं पारापर्यंत परत आली.

"या पाण्यात डाळ एका उकळीत शिजती," रांगेतली एकजण म्हणाली.

"च्या तर कसला होतोय," दुसरी म्हणाली.

टँकर रिता झाला. सुंदररावांनी सदरा पिळला आणि कडूबाईकडं वळले.

"झाले तीन दिवस. फ्यूज लाव जा. आन तुझ्या वहीत लिहून घे, त्या रानात मी पुन्हा पंप नेणार न्हाई. कपाशी गेली तरी बेहत्तर."

कडूबाईचा चेहरा उजळला. विहिरीजवळ औषध नको, हे तिचं म्हणणं इतक्या वर्षांत असं कुणी मुकाट्यानं मान्य केलं नव्हतं. पण रांग काही हलेना. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवटी सत्यशीलेनं पदराच्या आतून घडी घातलेला कागद काढला.

"नाना, अर्ज आमीच लिव्हलाय. तुमची सही तेवढी राहिलीय."

"कशाचा अर्ज?"

"दुसऱ्या फवारणीचा."

सुंदररावांनी कागद उलटासुलटा करून बघितला. खाली वाकड्यातिकड्या सह्या आणि बरेच अंगठे होते.

"अगं बायांनो," कडूबाई म्हणाली, "इहीर आपली हाय ना?"

"हाय की," सत्यशीला म्हणाली. "इहीर कुठं पळून चाललीय?"

सुंदररावांनी सगळीकडं नजर फिरवली. कुणीच हसत नव्हतं.

"पण फवारू कशावर?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "तुडतुडे मेले समदे."

"तुडतुडे गेले, नाना," बायनाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "पर आता मावा पडलाय. आमी समद्याजणी सकाळीच बघून आलो. लई हाय."