तिसऱ्या पायरीवरचे काका

शिट्टी वाजली आणि शिडीला कळलं, हा आपला पाचवा फाउल. म्हणजे मॅचमधून बाहेर. तिने निमूटपणे हात वर केला, चेंडू पंचबाईंच्या हातात दिला आणि बाकाकडे निघाली.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. एकट्याच माणसाच्या. प्रेक्षकांत तिसऱ्या पायरीवर पिकल्या केसांचे एक उंच गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“कोण गं हे?” मिरची म्हणाली. “आपलं दिवाळं वाजतंय आणि यांना टाळ्या सुचतायत!”

शिडी म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कप्तान. उंचीवरून पडलेलं नाव. मिरची तिची जिवाभावाची मैत्रीण. अंगाने एवढीशी, जीभ मात्र नावाला जागणारी. मोसमाची ती पहिली मॅच त्या सपाटून हरल्या. सगळंच नवखं होतं. निम्म्या पोरी पहिल्यांदाच खेळत होत्या, सर नुकतेच रुजू झाले होते, आणि पंचबाई इतक्या तरुण की त्यांची पहिली शिट्टी फुसकी निघाली तेव्हा सगळा हॉल खदाखदा हसला होता.

शिडी बाहेर आली तेव्हा ते काका दाराशीच उभे होते.

“पोरी, फाउल खरा होता हं. मनात राग धरू नकोस,” ते म्हणाले. “पण तू वाद घातला नाहीस. फार बरं वाटलं मला.”

शिडीने विचारलं, “तुम्ही नेहमी येता का बघायला?”

“आता येणार. आज तर बसल्या जागी पाय लटपटत होते माझे.”

आणि ते खरंच येत राहिले. हॉल कुठलाही असो, पंचबाई त्याच, तिसरी पायरी तीच आणि काकाही ठरलेले. पोरीही हळूहळू रुळल्या. सर पहाटे पळवून पळवून जीव नकोसा करायचे, मिरची त्यांच्या माघारी त्यांची हुबेहूब नक्कल करायची, आणि हसता हसता संघ एकजीव झाला. एक मॅच जिंकली, मग दुसरी. कालपर्यंत ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी आता कॉलेजची मुलं घसा फोडून ओरडायला लागली. शिडी मात्र मैदानात उतरली की आधी तिसऱ्या पायरीकडे बघायची. काका दिसले की हातात बळ यायचं.

“आपली एकही मॅच चुकवत नाहीत,” मिरची एकदा म्हणाली. “आणि बोलतात ते फक्त तुझ्याशी. उंचीही तुझ्यासारखीच.” मग तिने जीभ चावली.

मिरचीला घरचं ठाऊक होतं. शिडी रांगत होती तेव्हाच तिचे वडील घर सोडून गेले, ते परत फिरकलेच नाहीत. आईने एकटीने, दवाखान्यात परिचारिकेचं काम करून, तिला वाढवलं. वडिलांबद्दल विचारलं की आई एवढंच म्हणायची, “उंच होते. आता जेव.”

त्या दिवशी शिडीने जेवताना विषय काढलाच. “आई, एक काका येतात आमच्या मॅचला. उंच आहेत. केस पिकलेत.”

आई भाजी वाढत होती. हात तसाच राहिला.

“काय म्हणतात?”

“छान खेळलीस म्हणतात. पोरी म्हणतात मला.”

“असतील कुणीतरी,” आई म्हणाली, आणि भाजी वाढलेल्या ताटातच पुन्हा भाजी वाढली.

शिडीने ठरवलं, काकांना विचारायचंच. पण समोर गेली की धीर सुटायचा. विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? त्यापेक्षा विचारलंच नाही तर निदान तिसरी पायरी तरी आपली.

बघता बघता संघ फायनलला पोचला.

फायनल अटीतटीची झाली. शेवटच्या क्षणी त्या एका गुणाने मागे होत्या आणि चेंडू शिडीकडे होता. ती सरळ घुसली. आडवी आलेली मुलगी धाडकन पडली, चेंडू जाळीतून खाली आला, हॉल नाचायला लागला. आणि शिट्टी वाजली.

पंचबाईंनी बास्केट रद्द केली. फाउल शिडीचा.

मग जो गदारोळ झाला! बाटल्या मैदानात येऊन पडल्या. “पंच चोर आहे!” असा ओरडा सुरू झाला. सर लालबुंद होऊन पंचबाईंच्या अंगावर धावून गेले. त्या जागच्या हलल्या नाहीत, पण ओठ थरथरत होते. शिडीने तिसऱ्या पायरीकडे पाहिलं. काका दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून उभे होते. चेहरा पांढराफटक.

धक्का आपण मारला होता, हे शिडीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने पडलेल्या मुलीला हात देऊन उठवलं आणि सर व पंचबाई यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

“सर, फाउल माझाच होता,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “निर्णय बरोबर आहे.”

हॉल हळूहळू शांत झाला. त्या हरल्या. मिरची तिच्या गळ्यात पडून रडली, मग म्हणाली, “वेडी आहेस तू. पण आमची आहेस.”

बाहेर काका उभे होते. डोळे भरून आले होते. त्यांनी शिडीच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, आज तू जे केलंस ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

आता नाही तर कधीच नाही. इतक्या वर्षांत कुणालाच न मारलेली ती हाक शिडीच्या ओठांवर आली.

“बाबा!” मागून आवाज आला. गळ्यातली शिट्टी काढत पंचबाई पायऱ्या उतरत होत्या. “माझ्यासाठी थांबलात ना? चला, जाऊ या घरी.”