झेपतंय की

सकाळी आमचे हे शिलाईच्या मशिनीला तेल घालत होते, तेवढ्यात घरमालक दारात आले आणि पुढच्या महिन्यापासून खोलीचं भाडं आठाचं बारा केल्याचं सांगून मोकळे झाले. ह्यांनी तोंड उघडायच्या आतच मालक म्हणाले, "सयाजी, तू कापडं शिवतो, बायको काज-बटनं करती. दोघांची कमाई हाय. झेपतंय की तुमाला."

संध्याकाळी ओतूरच्या पतपेढीत आमच्या अर्जावर पंच बसले. वेशीजवळचं दोन खणांचं घर घ्यायला आम्हाला कर्ज हवं होतं. घर पेढीकडे गहाण राहणार होतं आणि हप्ता महिन्याला दहा रुपये बसत होता. बाकीचे राजी दिसत होते, पण तक्क्याला टेकून बसलेले एक पंच म्हणाले, "हातावर पोट हाय यांचं. एका मशिनीवर किती शिवणार? दहा रुपये न्हाई झेपायचे. उद्या ते घर पेढीच्याच गळ्यात पडंल."

हे मान खाली घालून चपला शोधायला लागले. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती, म्हणून इतका वेळ मी दाराबाहेर उभी होते. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून आत गेले.



"भिमाजीअण्णा, सकाळी आमच्या दारात भाडं वाढवताना बारा झेपत व्हते, मग हितं तक्क्याला टेकल्यावर दहा कसे झेपंनात? यातलं खरं कंचं, ते पंचांना तुमीच सांगा."