सतरा नंबरचा जंतू

"ही कुणाची अक्कल?" मेघाने कोनाड्यातली गोळ्यांची पाकिटं खाटेवर आपटली. सहा पाकिटं. सहाही अर्धवट. "ताप उतरला की गोळी बंद. मग दुसरी आणायची, तीही अर्धीच. अभिमनभाऊ, तुम्ही पोरीला औषध देत होतात की जंतूला तालीम?"

अभिमन उंबऱ्याजवळ उभा होता. त्याची बायको पुष्पा धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. धाकटीला कालपासून ताप होता. थोरलीलाही असाच आला होता आणि ती त्यातच गेली.

मेघा धुळ्याच्या लॅबमधून सोनगीरला आली होती ती पाण्याच्या नमुन्यासाठी. थोरलीच्या रक्तात टायफॉइडचा जंतू सापडला होता, तो आला कुठून हे शोधायचं होतं. लॅबमध्ये त्याला सगळे सतरा नंबर म्हणत. नमुन्यावर नाव लिहीत नाहीत. नावांची यादी लॅबप्रमुख सरांच्या कपाटात कुलपात असते. शोधनिबंधाला पाण्याची तपासणी कमी पडली म्हणून सरांनी काल कपाट उघडलं. तेव्हा कुठे सतरा नंबरला घर मिळालं, बाप मिळाला. पोर वारल्याचं मेघाला कालच कळलं.

टाकीतून दोन बाटल्या भरून झाल्या होत्या. दारातल्या निंबाला आखाजीचा झोका अजून तसाच होता. अक्षय्य तृतीया होऊन आठ दिवस उलटले तरी तो कुणी सोडला नव्हता. मेघा निघणारच होती, पण पाकिटं दिसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती हेच बघत होती. दुकानदार मूठभर गोळ्या देतो, लोक फुटाण्यासारख्या खातात, आणि जंतू असा निर्ढावतो की अकरा औषधं त्याच्यापुढे हात टेकतात. आणि मरतं कोण? आठ वर्षांची पोर.

"होळीले नमुना दिन्हा व्हता," अभिमन खालच्या आवाजात म्हणाला. "दवाखानावाला बोलनात, मोठी तपासणीले धाडेल शे. रिपोर्ट येई, मंग बरोबर दवाई देसूत. आम्ही वाटच पाहत राह्यनूत."

"रिपोर्टवर ढकलू नका! हे सगळं तुम्ही रिपोर्टच्या आधीच करून ठेवलंत." तिचा आवाज चढला तशी धाकटी दचकून रडायला लागली.

पुष्पाने तिला छातीशी धरलं. "बोला काय बोलनं शे ते, ताई. पन हिले आते काय देऊ?"

काय द्यायचं ते मेघाला माहीत होतं. पण निबंध छापून येईपर्यंत एक अक्षर बाहेर जाता कामा नये, असा सरांचा हुकूम होता. तसं लिहून त्यांनी सगळ्यांच्या सह्याही घेतल्या होत्या. बोललं तर नोकरी गेली. तिने धाकटीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

खड्ड्यात गेला निबंध, ती मनात म्हणाली. तिने वहीचं पान फाडून त्यावर औषधाचं नाव लिहिलं.

"हे डॉक्टरांना दाखवा. आजच. जुनं औषध आहे, आता कुणी लिहून देत नाही. पण सतरा नंबरवर हे एकच चालतं. आम्ही त्याचा अख्खा जीनोम वाचलाय, अक्षरन् अक्षर."

कागद देताना तिला बरं वाटलं. किती दिवसांनी आपण माणसासारखं वागलो, असं वाटलं.

अभिमनने कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ तो त्या एका शब्दाकडे बघत राहिला.

"थोरलीलेबी हाईच लागू पडनं असतं?"

"हो."

"हाई तुमले कव्हय समजनं?"

"गुढीपाडव्याला." तिला दिवस पक्का आठवत होता. निकाल हाती आला म्हणून त्या दिवशी सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले होते.

अभिमनने मान वळवून निंबाकडे पाहिलं.

"आमनी पोर आखाजीले गयी, ताई."